नववी फासकी

आधीच सांगून टाकतो: या लेखात दोन गावांची नावं येणार नाहीत. एक पेणच्या खाडीकडचं, मिठागरांचं. दुसरं रोह्याच्या डोंगराआडचं, भाताचं आणि वालाचं. दोन्ही गावांत मला पाटावर बसवून जेवायला वाढतात, आणि ते वाढणं चालू राहावं अशी माझी इच्छा आहे. कारण शेवटी कळेलच. बाकी लिहितो ते सगळं खरं. कुठं थोडं पाणी वाढवलं असेल, पण आतला तांदळाचा दाणा न दाणा खरा आहे.

मी बार्शीचा. रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून उभी हयात गेली. मी अंथरलेलं डांबर एका ओळीत टाकलं तर चंद्रावर एसटी जाईल, आणि वाटेत दोन थांबेही घेईल. निवृत्त झालो त्या दिवशी बायकोला म्हणालो, "आता ज्या वाटेवर डांबर नाही तिथंच चालणार." ती म्हणाली, "चाला. निदान घरात नसाल."

पेण, मिठागराच्या बांधावर

माझा जुना सोबती भालचंद्र या खाडीगावचा. नोकरीत तो रोलर चालवायचा आणि मी त्याच्यापुढं लाल फडकं धरून चालायचो. असा माणूस जन्माचा दोस्त होतो, कारण मनात आणलं असतं तर त्यानं मला केव्हाच भाकरीएवढा पातळ केला असता. आता त्याचे गुडघे गेले आहेत. ओटीवर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतो.

मी गेलो तेव्हा माघ चालू होता आणि आगरात पहिलं मीठ धरलं होतं. आमच्याकडं खळ्यात ज्वारीची रास लागते तशी इथं बांधावर मिठाची रास लागते. फरक एवढाच की आमच्या राशीवर चिमण्या येतात, यांच्या राशीवर ऊन येतं. ते मीठ दुपारी इतकं चमकतं की मी त्या गावातली कोंबडी डोळ्यांवर पंख धरून चालताना पाहिली आहे.

ओटीवर पाय ठेवला तर घरात भांडण पेटलेलं. भालचंद्रची बायको हौसाबाई, साठीची, अंगानं वाळलेली, पण आवाज असा की खाडीपलीकडचा बगळा उडावा. तिनं कोऱ्या मडक्यात खडे मीठ भरून तोंडाला फडकं बांधलं होतं आणि भालचंद्र ते मडकं दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"भावोजी, तुमी तरी याना सांगा. मडकं सोडा म्हनावं."

"अरे, तू हिला सांग!" भालचंद्र ओरडला. "रानात मरायला निघालीय ही."

पाणी प्यायच्या आत मला सगळं कळलं. हौसाबाईचं माहेर डोंगराआडचं. लग्न होऊन खाडीकडं आल्यापासून दरवर्षी आगरातलं पहिलं मीठ ती स्वतःच्या डोक्यावरून माहेरी पोचवते. नागोठण्याच्या पुढं डोंगर चढायचा, खिंड ओलांडायची, उतरलं की माहेर. मडकं वाटेत जमिनीला टेकवायचं नाही. टेकवायचं तर फक्त खिंडीतल्या राखणदार देवाशेजारच्या दगडावर. मिठाच्या बदल्यात माहेरचे वाल द्यायचे. तिचा बाप होता तोवर तो खिंडीपर्यंत चालत यायचा आणि लेकीच्या डोक्यावरचं मडकं आपल्या डोक्यावर घ्यायचा. बाप गेला. मोठा भाऊ पांडूदादा काही खिंडीपर्यंत आला नाही. पण हौसाबाई चालत राहिली.

आणि यंदा खिंडीखाली बोर्ड लागला होता: वाट बंद.

"फासक्या लावल्यात कोनीतरी," भालचंद्र म्हणाला. "डुकरांसाठी. मोटारसायकलच्या क्लचवायरच्या. डोंगर चढायला मुंबईवरनं एक जन आलेला, त्याचा घोटा हाडापर्यंत कापला. धनगराच्या कुत्र्यानं वाटेवर पडलेला, डुकरांसाठी ठेवलेला दारूचा गोला तोंडात धरला, तो फुटला. कुत्र्याला जबडाच रायला नाय. मी हिला म्हनतो, एस्टीनं जा."

"एस्टीत मना वकारी येतं," हौसाबाई म्हणाली. "नि मीठ एस्टीनंच न्यायचं तर दुकानातलं काय वाईट हाय?"

"एक वर्स नाय गेलीस तर काय होतंय?"

"एक वर्स कोनी चाललं नाय का रान वाट गिळतं. मंग बोर्ड पन नको नि फासकी पन नको. वाटच नाय. मंग मी माहेरी जायची कुठनं?"

आता मला राहवेना. रस्ता बंदचे बोर्ड मी आयुष्यात इतके लावले आहेत की त्यांच्या खांबांचं जंगल होईल. त्यातले निम्मे खड्डा बुजवायचा कंटाळा आला म्हणून लावले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. ज्यानं खड्डा केला तो मोकळा, आणि चालणाऱ्यानं घरी बसायचं, असला हा कारभार. वाट ही चालणाऱ्याची असते. मी मिशीवर हात फिरवला आणि म्हणालो, "वहिनी, मी येतो बरोबर. पुढं मी चालणार. फासकीला आधी माझ्याशी बोलावं लागेल."

भालचंद्रनं मडकं सोडलं. "आता दोन मयतं," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

खिंडीच्या अलीकडं

शेजाऱ्याच्या टेम्पोनं आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. हौसाबाई मागं उघड्यावर बसली होती, मडकं मांडीवर. मांडी म्हणजे जमीन नव्हे, असा त्यांच्यातला निवाडा आहे.

बोर्ड नवा कोरा होता. लाल अक्षरं, खाली कवटी. कवटी काढणाऱ्यानं तिला मिशा काढल्या होत्या की रंग ओघळला होता कोण जाणे, पण ती हुबेहूब आमच्या जुन्या साहेबांसारखी दिसत होती. मी तिला सलाम ठोकला. हौसाबाईनं चुंबळ नीट केली, मडकं चढवलं आणि बोर्डाला वळसा घालून चालायला लागली, जशी एखाद्या म्हशीला वळसा घालावा.

रान सुंदर होतं, ते सांगायलाच हवं. सागाची पानं गळून पायाखाली पापडासारखी मोडत होती. पानाशिवाय नुसती लाल फुलं घेऊन सावरी उभ्या होत्या. ऐनाच्या खोडांना मगरीसारखी साल. आमच्याकडं झाड दिसलं की त्याखाली माणूस बसलेला असतो. इथं झाडाखाली पुन्हा झाडच. पण ते सगळं मला पाहताच येईना. डोळे जमिनीवर. काठीनं पाचोळा चाचपायचा, मग पाऊल. मागून हौसाबाई मात्र ताठ मानेनं. डोक्यावर मडकं असलेल्या माणसाला पायाखाली बघता येत नाही. तिला फासकी दिसणारच नव्हती. ते मला तिथं पहिल्यांदा लख्ख कळलं, आणि मुंबईच्या माणसाचा घोटा डोळ्यांपुढून हलेना.

तासभर चढल्यावर मला एक खाजगी काम निघालं. मी वाट सोडून दहा पावलं बाजूला गेलो, ऐनाच्या झाडाआड. त्या वेळी मी काठी बगलेत धरली होती, ही माझी चूक.

पुढं काय झालं ते मी बार्शीत असं सांगतो की जमिनीनं मला धरलं, उलटा करून झाडावर टांगला आणि त्या स्थितीत मी अर्धा तास डोंगराची शोभा पाहिली. छापायचं म्हणून खरं सांगतो. उजवा पाय कशात तरी अडकला, मी ओढला, ते करकचून आवळलं आणि मी तोंडावर आपटलो. ओरडलो नाही. त्याच वेळी झाडावरचे सगळे पक्षी उडाले, त्यांचं कारण वेगळं असेल.

"वोढू नका!" हौसाबाई धावत आली. धावत म्हणजे मडक्यासकट. "वोढला का आवळतं. मागं सरका, बुंध्याकडं. सैल पडंल."

ती मडकं खाली ठेवू शकत नव्हती आणि वाकू शकत नव्हती. एक हात मडक्याला, दुसऱ्या हातानं मला दाखवतेय. मी सरपटत बुंध्याकडं सरकलो. वायर सैल झाली. माझे बूट डांबरावर चालायचे, जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे. त्यांच्या चामड्यात करंगळी बसेल एवढी खाच पडली होती. चप्पल असती तर? हौसाबाईच्या पायांत काय होतं ते मी पाहिलं. काहीच नव्हतं.

मी वायर बुंध्यावरून सोडवली आणि गुंडाळून पिशवीत टाकली. पुरावा हातात नसला की बार्शीत माझं कोणी काही खरं मानत नाही.

"वहिनी, सापडली एकदाची! आता..." मी बोलत होतो. तिचं लक्ष नव्हतं. ती दोन्ही गुडघ्यांवर बसली होती, मान ताठ, आणि चाचपत पाचोळ्यातून काहीतरी उचलत होती. पळसाच्या पानाचा द्रोण. माझ्या पायानं तो उलटला होता. आत नारळाचं एक शकल, थोडे भाताचे दाणे आणि दवानं अर्धा विरघळलेला मिठाचा खडा.

तो खडा तिनं जिभेला लावला. मग पदराच्या टोकाला बांधला. खिंडीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ज्या बाईच्या आवाजानं बगळे उडतात ती गप्प झाली की रानसुद्धा अवघडतं.

खिंड

खिंडीत राखणदार म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड आणि त्यावर वाकलेलं जुनं आंब्याचं झाड. हौसाबाईनं मडकं शेजारच्या सपाट दगडावर ठेवलं, घाम पुसला आणि म्हणाली, "भावोजी, रानात हात घालायच्या आदी राखनदाराला त्याचा वाटा द्यावा लागतो. आमच्याकडं सगली देतात. फासकी लावनारा पन देतो. डुक्कर पडूदे म्हनून."

"म्हणजे जिथं द्रोण, तिथं फासकी!" मी म्हणालो. "हा तर बोर्डापेक्षा चांगला बोर्ड झाला."

"व्हय. पन राखनदाराला अळनी देतात. भात अळनी, कोंबडं अळनी. मीठ कोनी ठेवीत नाय. पंचक्रोशीत एकच घर ठेवतं." तिनं पदराची गाठ दाबली. "माजा बा म्हनायचा, माजी लेक आगरात दिलीय, माजा देव अळनी का खाईल?"

मला कळायला माझ्या मानानं फार वेळ लागला नाही. म्हणजे एक विडी संपेपर्यंत.

"पांडूदादा?"

"हे माज्या आगरातलं मीठ हाय. गेल्या सालचं. मीच दिलेलं."

फासकी लावणं हा गुन्हा आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तोंड उघडलं तर भाऊ तुरुंगात आणि माहेर संपलं. गप्प बसलं तर बोर्ड तसाच राहणार, रान वाट गिळणार आणि माहेर तसंही संपलं. ती राखणदाराकडं बघत बसली. मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार होतो, पण तेवढ्यात ती उठलीच.

"डोक्यावं द्या मडकं. नि आता उतारावं द्रोन बगत चला. मना दिसत नाय."

उतारावर आणखी दोन द्रोण सापडले. दोन्हींत मीठ. प्रत्येकाच्या आसपास काठी फिरवली की वायर हाती लागायची. मी ती काढायला वाकलो तर म्हणाली, "ऱ्हाऊद्या. फांदी आडवी टाका, कोनाचा पाय पडायला नको. ज्यानं लावली तो काडील." आणि दोन्ही वेळा मिठाचा खडा पदरात.

वालाच्या शेतात

पांडूदादा सत्तरीचा, बुटका, हसरा. मला तो पहिल्या भेटीतच आवडला, आणि याचा मला राग आला. "आली गो माजी भैन! नि चालत आली!" तो ओरडला. "कुठनं आलीस गो? वाट बंद हाय ना?"

"जिथनं दरसाल येते तिथनं आले," हौसाबाई म्हणाली. मडकं ओटीवर ठेवलं, पण तोंडाचं फडकं सोडलं नाही.

त्याच्या बायकोनं, मालूवयनीनं, आम्हाला चहा दिला आणि डोळ्यांनीच मला विचारलं, काय झालंय? मी डोळ्यांनीच म्हणालो, मला विचारू नका.

सूर्य कलल्यावर सगळे शेतावर गेलो. भात कापून झालेल्या रानात वाल हिरवागार उभा होता, आणि आमच्यासाठी पोपटी लागणार होती. ज्यांनी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, जाडं मीठ, वर पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. आमच्या हुरड्याला मी उगाच नावाजत आलो असं मला तो पाला हुंगूनच वाटलं, आणि हे वाक्य बार्शीत कुणी वाचू नये.

शेताचा एक कोपरा मात्र वेगळा होता. वेल उपटलेले, माती नांगरल्यासारखी.

"डुकरं," पांडूदादा म्हणाला. "परवा आली. पाच व्हती. एका घटकेत एवडं केलं." त्यानं मडक्यात शेंगा भरल्या आणि बहिणीकडं हात पसरला. "मीठ टाक गो. तुज्या हातचं."

हौसाबाईनं पदराची गाठ सोडली. तीन अर्धे विरघळलेले खडे तिनं त्याच्या तळहातावर ठेवले.

"हे घे. तुजंच हाय. रानात सांडलं व्हतं."

पांडूदादाचा हात तसाच पसरलेला राहिला. मालूवयनी शेंगा निवडायची थांबली.

"कुठं मिलालं?"

"जिथं तू ठेवलंस तिथं. एक तर या भावोजींच्या पायाखाली."

"मी डुकरासाठी लावल्या," तो म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. "मानसासाठी काय लावल्या गो? डुकरं वाटेवरनं चालतात. त्याना पन काटं टोचतात."

"बोर्ड डुकरानं वाचला काय? डुक्कर घरी बसलं काय? वाट कोनाची बंद झाली?"

"मना काय म्हाईत तो मुंबैवाला तिथनं जाईल!"

"नि मी? मी दरसाल जाते ते म्हाईत नाय? माज्या डोक्यावं मडकं असतं, दादा. मना खाली दिसत नाय. तू माज्या पायाला फासकी लावलीस नि माज्याच मिठानं राखन दिलीस."

"तू यंदा येनार नाय असं वाटलं मना. बोर्ड बगून."

"म्हंजे मी नाय आले तरी चालंल."

तो उपटलेल्या कोपऱ्याकडं बघायला लागला. त्याच्या बाजूनंही सांगायला हवं: पाच डुकरं, आणि अख्ख्या वर्षाचा वाल. मीही शेतकऱ्याच्या घरचा आहे, रागानं माणूस काय काय करतो ते मला माहीत आहे. पण माझ्या बुटातली खाच मला बोटाला लागत होती.

"तू लाव पोपटी," हौसाबाई म्हणाली. "मीठ मिलनार नाय. सगल्या फासक्या निघंपर्यंत या घरात माज्या मिठाचा खडा पडनार नाय."

"वन्सं, पावना हाय," मालूवयनी माझ्याकडं बघून कळवळली.

"पावन्याच्या पायात अडाकली व्हती. तो खाईल अळनी."

आणि पाव्हण्यानं खाल्ली. जगातली एकमेव अळणी पोपटी मी खाल्ली आहे. धूर उत्तम, शेंगा लोण्यासारख्या, कोंबडी हाडावरून सुटून येत होती, आणि चव अशी की आजारी माणसाच्या पथ्याला द्यावी. घरात दुकानातलं मीठ असणारच, पण ते आणायची कुणाची छाती झाली नाही. पांडूदादानं मात्र शेवटची शेंगसुद्धा चोखून खाल्ली, मान वर न करता.

पुन्हा खिंड

सकाळी उठून बघतो तर पांडूदादा अंगणात उभा, हातात पक्कड. हौसाबाईनं काल आणलेलं मडकं पुन्हा डोक्यावर चढवलेलं.

"हे कशाला घेतेस?" त्यानं विचारलं.

"खिंडीत जायचंय. तू पुडं चाल. चपला काड."

"गो, काटं हायत!"

"माज्या पायाला पन व्हतं."

सत्तरीचा माणूस अनवाणी पुढं, मागं मडकेवाली बहीण, आणि तिच्यामागं मी, बूट घालून, शरमलेला. माझी शरम ती बूट काढण्याइतकी मोठी नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.

तो प्रत्येक द्रोणापाशी थांबायचा, राखणदाराला हात जोडायचा, वायर काढायचा, गळ्यात अडकवायचा. एक, दोन, तीन. चौथी काढताना त्याला वाट चुकल्यासारखं झालं. कुठल्या झाडाला बांधली तेच आठवेना. तो वाटेवर इकडंतिकडं करत राहिला, पाचोळा उकरत राहिला, आणि एकदा तर स्वतःच तिच्यात पाऊल टाकणार तेवढ्यात चार पावलं मागून, जिथून तिला त्याचे पाय दिसत होते, हौसाबाई ओरडली, "दादा, थांब!" डोक्यावरचं मडकं हललं, पण पडलं नाही. पांडूदादाचा पाय हवेत. त्याच्या अंगठ्याखाली, विताच्या अंतरावर, वायरीचा वाटोळा डोळा.

तो तसाच एका पायावर उभा राहिला. मग हळूच पाय मागं घेतला आणि खाली बसला. "मना पन दिसली नाय गो," तो म्हणाला. "मीच लावली नि मनाच दिसली नाय."

तिथून पुढं हौसाबाई त्याच्यामागं नाही, बाजूनं चालली, आणि दोघं बोलायला लागली. बापाबद्दल. बाप खिंडीत येताना शीळ घालायचा म्हणे, लांबूनच. पांडूदादानं ती शीळ घालून दाखवली. त्याच्या तोंडात दात कमी, त्यामुळं नुसती हवा आली, आणि ती साठीची बाई मडक्याला धरून हसायला लागली.

खिंडीत तिनं मडकं सपाट दगडावर ठेवलं. आम्ही दोघं पलीकडचा उतार उतरलो, बोर्डापर्यंत, आणि परत आलो. पांडूदादाच्या गळ्यात वायरींचा हार झाला होता. राखणदाराच्या आंब्याला त्यानं त्या एकेक करून टांगल्या.

"किती?" हौसाबाईनं विचारलं.

"आठ."

"लावल्या किती?"

"नऊ." तो रडकुंडीला आला होता. "एक सापडत नाय. ऐनाखाली व्हती कुठंतरी. द्रोन पन नाय."

नववी माझ्या पिशवीत होती. मी तोंड उघडलं. त्याच क्षणी माझ्या उजव्या बुटावर, बरोबर खाचेवर, हौसाबाईची टाच पडली. तिला काटे टोचत नाहीत, पण तिची टाच मात्र चामड्यातून टोचते. मी तोंड मिटलं.

"सापडंल," ती भावाला म्हणाली. "बगत ऱ्हा. आठवड्याला एक फेरी मार इथवर. मानसं येतात-जातात. कोनाच्या पायात जायला नको."

"मारतो."

"नि आता उतरव."

तिनं मडकं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि त्याच्यापुढं उभी राहिली. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. त्यानं डोक्याचा पंचा सोडला, त्याची चुंबळ केली, दोन्ही हात वर करून बहिणीच्या डोक्यावरचं मडकं उचललं आणि आपल्या डोक्यावर ठेवलं. मी दुसरीकडं बघायला लागलो. सूर्य माझ्या डोळ्यांत गेला होता, एवढंच.

तो उतरायला लागला. मान ताठ. आता त्यालाही पायाखालचं दिसत नव्हतं.

हौसाबाई माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "ती पिशवीतली बार्शीला न्या, भावोजी. लांब न्या."

रोहे, आणि घरी

त्या दुपारी मी वालाचं खारट बिरडं, तांदळाची भाकरी आणि वर सुकट असं जेवलो की काल राहिलेलं सगळं मीठ वसूल झालं. संध्याकाळी रोह्याला आलो. कुंडलिकेच्या पुलावर उभा राहून नदीपलीकडच्या अष्टमी गावाचे दिवे लागताना पाहिले. मग चहाच्या टपरीवर धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटून आलेल्या चौघांना माझी हकीकत सांगितली. तिथं मी उलटा टांगलेला होतो आणि झाडाखाली पाच डुकरं माझी वाट बघत होती. तिघं खूप हसले. चौथा हसला नाही. "आमच्या डोंगरात पन हायत," तो म्हणाला. "माज्याच चुलत्यानं लावल्यात." चहा अर्धा ठेवून तो उठला, गाडीला किक मारली आणि घराच्या नव्हे, डोंगराच्या दिशेनं गेला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

परवा भालचंद्रचा फोन आला. पांडूदादा दर आठवड्याला खिंडीपर्यंत फेरी मारतो. नववी शोधतो. ती काही मिळाली नाही, पण शोधता शोधता दुसऱ्यांनी लावलेल्या तीन मिळाल्या, द्रोण अळणी असलेल्या. त्याही आंब्यावर टांगल्या. ज्याची असेल त्यानं राखणदारासमोरून घेऊन जावी, असं त्यानं गावात सांगून ठेवलं आहे; कुणी आलं नाही. वालाभोवती तो आणि मालूवयनी आता पाळीपाळीनं डबे वाजवतात. आणि बोर्डावरच्या मिशीवाल्या कवटीखाली त्यानं पोपटीच्या कोळशानं लिहून ठेवलंय: वाट चालू. फासकी दिसली तर पांडूला सांगा.

वायर माझ्या घरी खिळ्याला लटकते आहे. बायको म्हणते, म्हाताऱ्याला कशाला हेलपाटे घालायला लावता, पाठवून द्या टपालानं. मी तिला माझा बूट दाखवतो. आता कळलं असेल, गावांची नावं का लिहिली नाहीत. पांडूदादाला वाचनाचा कंटाळा आहे, पण माणसाचा काय भरवसा.

तो शोधतोय तोवर त्या डोंगरात रोज नाही तरी आठवड्याला एक माणूस चालतोय, आणि रानाला ती वाट गिळता येत नाही. नववी फासकी सापडणार नाही. ती जबाबदारी मी घेतलेली आहे.